नानांनी घरच्याच तेलाची परीक्षा घेतली

वैद्य नानासाहेबांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. सत्कार समितीच्या चिटणीसांनी मला बजावून सांगितलं आहे की पंचाहत्तरीचा मंगल प्रसंग आहे, लेख प्रसन्न असावा. आता ओळखच भांडणातून झाली तर ती प्रसन्न कुठून करू? आणि पुढचंही फारसं प्रसन्न नाही. तेव्हा घडलं तसं लिहितो. न आवडल्यास समितीनं खुशाल कात्री लावावी.

मी तेव्हा अंबडच्या सरकारी दवाखान्यात नवा कंपाउंडर होतो. थंडीची सकाळ, ओसरीवर रोग्यांची रांग. इतक्यात एक बैलगाडी थेट पायरीपर्यंत आली आणि तिच्यातून पागोटं घातलेले एक उंच गृहस्थ उतरले. "डॉक्टरांना बोलवा," म्हणाले. मी म्हटलं, "रांगेत बसा." ते म्हणाले, "मी बसतो की. दिवसभर बसतो. आधी हिला आत घ्या." गाडीत एक बाई कण्हत पडली होती. मी दवाखान्याचे नियम सांगू लागलो, त्यांनी आवाज चढवला, आणि आमची अशी जुंपली की आतून डॉक्टरसाहेबच बाहेर आले.

आमचे डॉक्टरसाहेब हैदराबादचे. मनानं मोठे, तोंडानं फटकळ. त्यांनी बाईचा गुडघा पाहिला. लाल झालेला, तट्ट फुगलेला, आणि त्याला तेलाचा उग्र वास. "ये किसने रगडा?" त्यांनी विचारलं.

"मी," नाना म्हणाले.

"बैदजी, अंदर पीप भरा है. तुम उपर से रगड रगड के जहर पूरे बदन में चढा दिए ना!"

नानांनी मान खाली घातली. माझ्याशी तावातावानं भांडणारा तो माणूस एका शब्दानंही उलटून बोलला नाही. बाईचं नाव गंगाबाई. शहागडला नानांच्याच आळीत राहणारी, त्यांना नानाभाऊ म्हणणारी, घरात लहान लेकरं. डॉक्टरसाहेबांनी गुडघा चिरून पू काढला, पण उशीर झाला होता. बाई गेली. ती असेपर्यंत नाना ओसरीवरून हलले नाहीत, आणि ती गेल्यावर त्यांनी डॉक्टरसाहेबांना विचारलं, "मी तेल चोळलं नसतं तर वाचली असती का?"

"कौन जाने," डॉक्टरसाहेब म्हणाले.

ते 'कौन जाने' नानांच्या मनात रुतून बसलं. महिनाभरानं ते पुन्हा दवाखान्यात आले आणि म्हणाले, "साहेब, पिढ्यान्‌पिढ्या आम्ही हे तेल देऊन राह्यलो. त्यानं सूज उतरते का न्हाई, हे आम्हाला बी ठावं न्हाई अन्‌ तुम्हाला बी. मंग कोणाला तरी ठावं व्हायला पाहिजे का न्हाई?"

नव्या वाचकांसाठी या तेलाविषयी थोडं सांगितलं पाहिजे. शहागडच्या या घराण्याचं तेल सुजलेल्या सांध्यांवर रामबाण, असा लौकिक होता. गोदावरी ओलांडून पलीकडची माणसं होडीनं यायची, दिवसभर ओट्यावर बसून राहायची. तेल फुकट मिळे. त्याचा पाला तोडण्याची एक रीत होती. आदल्या दिवशी सांजेला झाडापुढे जाऊन अक्षता वाहायच्या, उद्या येण्याचं आमंत्रण द्यायचं, आणि सकाळी कोणाशी न बोलता तोडून आणायचा. आणि सर्वांत मोठा दंडक म्हणजे झाडाचं नाव तोंडातून काढायचं नाही. नाव फुटलं की गुण गेला. वडिलांनी ते नाव थोरल्या मुलाच्या, म्हणजे दादासाहेबांच्या कानात सांगितलं होतं. आता खरं सांगायचं तर त्या तेलाला निरगुडीचा वास इतका दणदणीत यायचा की शेंबड्या पोरालाही कळावं. नदीकाठी निरगुडीची बेटंच्या बेटं उभी होती आणि सगळ्या गावाला माहीत होतं. तरी सगळं गाव तिला 'वैद्यांचा पाला' म्हणे. माहीत असणं निराळं आणि नाव घेणं निराळं, अशी तिथली समजूत.

परीक्षा करायची तर डॉक्टरसाहेबांना नाव सांगणं भाग होतं. ते म्हणाले, "क्या डालते, वो मुंह से बोलो, वरना मैं हाथ नहीं लगाता." नानांनी आधी घरी जाऊन दादासाहेबांची परवानगी मागितली. मी त्या वेळी बरोबर होतो. दादासाहेब म्हणजे नानांचे थोरले बंधू. वडील लवकर वारल्यामुळे नानांना त्यांनीच वाढवलेलं, नाडी बघायला त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नाना, बाई मेली त्याचं मला बी वाईट वाटतं. पण बापाचं औषध तू कोर्टात उभं करतो का? साक्षीला कोण, तो हैदराबादवाला?"

"साक्षीला आपलेच रोगी, दादा. खरं असलं तर टिकंल."

"अन्‌ न्हाई टिकलं मंग?"

उत्तराची वाट न बघता दादासाहेब उठून आत गेले. ही परवानगी होती की नकार होता, यावर पुढं भावाभावांत अनेकदा वाद झाला. त्या दिवशी मात्र नानांनी ओट्यावरच डॉक्टरसाहेबांच्या नावे एक चिठ्ठी माझ्याकडून लिहून घेतली आणि निरगुडी हा शब्द मोठ्यानं उच्चारला. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

परीक्षा दोन हिवाळे चालली. दोन घागरी केल्या. एकीत तिळाच्या तेलात निरगुडीचा पाला उकळून, दुसरीत त्याच तेलात नुसतं मारवेल गवत उकळून, म्हणजे रंग सारखा यावा. वास मारायला दोन्हींत कापूर. एकीच्या गळ्याला लाल दोरा, दुसरीला पांढरा. घागरी मी भरल्या, म्हणून कशात काय आहे हे एकट्या मला ठाऊक. चोळायचं नानांनी, आणि शिंप्याची फीत लावून सूज मोजायची डॉक्टरसाहेबांनी. पिकलेला, तापलेला सांधा असेल तर त्याला कोणी हात लावायचा नाही, तो सरळ दवाखान्यात पाठवायचा.

मला विचाराल तर त्या दोन हिवाळ्यांत सर्वांत मोठा छळ माझा झाला. कारण मला दिसत होतं. लाल दोऱ्याच्या म्हाताऱ्याचा गुडघा उतरे, तसा पांढऱ्या दोऱ्याच्या म्हाताऱ्याचाही उतरे. लाल दोऱ्याच्या बाईचा तसाच राही, तसा पांढऱ्या दोऱ्याच्याही बाईचा तसाच राही. नाना मात्र दोघांनाही सारख्याच मायेनं चोळत. हात सावकाश, जोर सारखा. अंबड-शहागड रस्त्यानं आम्ही कितीदा तरी बरोबर गेलो-आलो असू. माझा चेहरा बघून त्यांना संशय येत असेलच. पण त्यांनी आडून नाही, पाडून नाही, एकदाही विचारलं नाही. एकदा न राहवून मीच म्हटलं, "नाना, एक सांगू का?" ते म्हणाले, "बिलकुल सांगू नका. मला कळलं तर माझा हात बदलंल." मी तोंड मिटून चालू लागलो.

शेवटी डॉक्टरसाहेबांनी ताळा केला आणि दोन्ही घागरींत काही फरक नाही असं सांगितलं. निरगुडी उकळून उकळून तिच्यात काही उरत नसेल, असं त्यांचं मत पडलं. पुढं त्यांनी आणि नानांनी ताजा पाला गरम करून मुरगळलेल्या घोट्यांवर बांधून पाहिला, आणि नुसत्या गरम फडक्यापेक्षा त्यानं सूज थोडी लवकर उतरते असं दिसलं. थोडी, बरं का. हा 'थोडी' शब्द नानांनी आजपर्यंत सोडलेला नाही. माझी मुलगी एकदा पाय मुरगळून पडली होती तेव्हा नाना अंबडला स्वतः पाला घेऊन आले, बांधला, आणि जाताना मला म्हणाले, "ह्यानं थोडं उतरंल. बाकी आपोआप उतरतं. उगं माझं नाव करू नका." मी म्हटलं, "अहो, रडायची थांबली हे काय कमी आहे?" तर म्हणाले, "ते मी गूळ दिला म्हणून." असा माणूस! कौतुक करायला गेलं तर चिमटीत सापडत नाही.

तेलाचा निकाल लागल्यावर डॉक्टरसाहेबांनी त्यांना समजावलं, "बैदजी, चुप बैठो. किसीको बोलने की क्या जरूरत है? कल से देना बंद कर दो, बस." चांगला सल्ला होता. मीही तोच दिला. पण नाना आठवडी बाजाराच्या दिवशी पाराजवळ उभे राहिले आणि भरल्या बाजारात बोलले. "आमच्या घरच्या तेलाची आम्ही परीक्षा केली. साध्या तेलानं जे होतं तेच ह्यानं होतं, जास्त काही न्हाई. चोळल्यानं बरं वाटतं, ते घरी बी चोळता येतं. पण सांधा लाल झाला, ताप आला, तर हात लावू नका. दवाखान्यात न्या. गंगाबाईला मी चोळलं अन्‌ ती गेली."

मला वाटलं आता दगड पडतात की काय. तेवढ्यात मागून दादासाहेबांचा आवाज आला. ते गर्दीत उभे होते हे कोणालाच माहीत नव्हतं. "तेलाला काय धाड भरली न्हाई," ते म्हणाले. "ह्यानं झाडाचं नाव घेतलं. नाव घेतलं, गुण गेला. अजून काय परीक्षा पाहिजे?"

आणि काय सांगू, अख्ख्या बाजाराचा जीव भांड्यात पडला. खरंच की! असं एक जण म्हणाला, मग दुसरा म्हणाला. परीक्षेआधी नाव फुटलं होतं, मग तेल हरणारच. मी तिथंच ओरडून सांगणार होतो की अहो, नाव फुटण्याआधीच गंगाबाई गेली. पण कोणाला ऐकायचंच नव्हतं. दादासाहेबांनी पुढच्या आठवड्यात झाडाला नव्यानं आमंत्रण दिलं, प्रायश्चित्ताचा नैवेद्य केला आणि तेल पुन्हा सुरू केलं. गुण परत आला अशी हाकाटी झाली. ओट्यावर पूर्वीपेक्षा जास्त गर्दी होऊ लागली. दोन हिवाळ्यांच्या खऱ्या कामाचं असं फळ निघालं, की ज्या तेलात काही नाही असं सिद्ध झालं त्याचंच नाव दुपटीनं झालं. आजही आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. नानांचा होत नाही. त्यांना फक्त वाईट वाटतं.

त्याच आठवड्यात घराची वाटणी झाली. ओटा दादासाहेबांकडे गेला. नाना मागच्या दारच्या दोन खोल्यांत राहिले. दादासाहेबांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. नुसतं बोलणं नाही, ताटही वेगळं झालं. नानांकडे येणारा रोगी विरळा. जे येत त्यांना ते सांगत, हे औषध देतो, ह्यानं इतकंच होईल. इतकंच होईल असं सांगणाऱ्या वैद्याकडे कोण येतो? पण पिकलेले सांधे मात्र ते धुंडाळून काढत. कोणाच्या घरी कोणाचा गुडघा तापला आहे हे कळलं की दारात जाऊन उभे राहत, शिव्या खात, आणि गाडी जुंपायला लावत. अंबडच्या दवाखान्यात अशा किती गाड्या आल्या ते मी मोजलं नाही. त्यांतली बरीच माणसं आज चालती-फिरती आहेत, आणि त्यांतली काही बापडी आजही दादासाहेबांच्या तेलाचे गोडवे गातात.

आता जे लिहायचं आहे ते लिहावं की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. नानांना विचारलं. ते म्हणाले, "झालंय ते झालंय. लिहा."

काही वर्षांनी दादासाहेबांच्या पायात बाभळीचा काटा मोडला. पाय सुजला, घोट्यापर्यंत लाल झाला, ताप चढला. दादासाहेबांनी आपलं तेल चोळून घ्यायला सुरुवात केली. नाना मागच्या दारानं गेले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यासमोर उभे राहिले. "दादा, चोळू नका. गाडी जुंपतो, अंबडला चला. तुमच्या पाया पडतो."

दादासाहेब म्हणाले, "नाव घेऊन तू तेलाचा गुण घालवला. आता पाय कापून घालवतो का?"

नानांनी भावजयीला हात जोडले, पुतण्याला हात जोडले. कोणी ऐकलं नाही. शेवटी ते स्वतः अंबडला आले आणि डॉक्टरसाहेबांना आणि मला घेऊन शहागडला परतले. डॉक्टरसाहेबांनी पाय पाहिला, मांडीपर्यंत गेलेली लाली पाहिली, आणि बाहेर येऊन नानांच्या खांद्यावर हात ठेवला. नानांना कळलं.

आम्ही आत गेलो तेव्हा दादासाहेब शुद्धीवर होते. पुतण्या दुसऱ्या पायाला तेल लावत होता. दादासाहेब त्याला म्हणाले, "सोड. तुझा हात बराबर न्हाई." मग त्यांनी नानांकडे पाहिलं. "तू लाव."

नाना खाली बसले. त्यांनी वाटीतलं तेल हातावर घेतलं आणि दादासाहेबांचा चांगला पाय मांडीवर घेऊन चोळू लागले. त्या तेलाला कित्येक वर्षांत त्यांनी हात लावला नव्हता. दादासाहेबांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं म्हणाले, "नाना, गुण हाये न रे ह्याच्यात?"

नाना चोळत राहिले.

"हाये न?"

नानांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. पुतण्या त्यांच्याकडे बघत होता, भावजय बघत होती, मी बघत होतो. एका शब्दाचं काम होतं. मी मनात म्हणत होतो, अहो म्हणा, हो म्हणा, कोण विचारतंय इथं तुमच्या दोऱ्यांना! नानांनी तोंड उघडलं, पण शब्द निघाला नाही. त्यांनी पुन्हा तेल घेतलं आणि चोळत राहिले. दादासाहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. दुपारी ते गेले.

त्या दिवसापासून नाना पूर्वीचे राहिले नाहीत. हसतात, बोलतात, रोग्यांना बघतात. पण वर्षातून एकदा, दादासाहेबांच्या श्राद्धाच्या दिवशी, ते मला हटकून एकच गोष्ट विचारतात. "हो म्हणलं असतं तर माझं काय गेलं असतं हो?" मी दरवर्षी काहीतरी थातूरमातूर उत्तर देतो. आजवर मला बरं उत्तर सापडलं नव्हतं.

यंदा सापडलं, म्हणूनच हा लेख लिहायला बसलो. समितीला मी आधी नकार कळवला होता. एक तर दिवस असे आहेत की साध्या सत्काराच्या सभेलाही सरकारी परवानगी लागते, ती मिळते की नाही याचाच भरवसा नाही. दुसरं म्हणजे माझी प्रकृती. गेल्या उन्हाळ्यापासून माझ्या दोन्ही पायांना सूज आहे. ही सांध्यांची सूज नाही. बोट दाबलं की खड्डा पडतो आणि तसाच राहतो. दवाखान्यात उमर गेलेली, मला काय ते कळतं. तरी माणसाचं मन वेडं असतं. मागच्या महिन्यात नाना जालन्याला माझ्या घरी आले होते. माझ्याच्यानं राहवलं नाही. मी विचारलं, "नाना, पुढच्या दसऱ्याला मी असेन ना?"

पंचाहत्तरीतला तो माणूस खाली बसला, माझे पाय मांडीवर घेतले आणि हळूहळू हात फिरवत राहिला. तेलही नव्हतं हाताला. मुलगी चहा घेऊन आली, तो निवून गेला.

तर नाना, आपल्या सत्काराच्या ग्रंथात, सगळ्या जालना-अंबडच्या मंडळींदेखत, मी आपल्या प्रश्नाचं उत्तर देतो. आपण गप्प बसलात त्याचा मला राग आला नाही. काय ते मला कळलं, आणि कळल्यावरही आपला हात पायावर होता म्हणून मला भीती वाटली नाही. मी पाय काढून घेतला नाही. आठवून पाहा, दादासाहेबांनीही काढून घेतला नव्हता.

आपणांस उदंड आयुष्य लाभो, हातपाय धड राहोत, नजर शाबूत राहो. मी पुढच्या श्राद्धाच्या दिवशी नसेन, तेव्हा तो प्रश्न आता दुसऱ्या कोणाला विचारू नका.